लेकीच्या घरचं पाणी

माझी आई जयपूरला माझ्याकडे आली ती मे महिन्यात, आणि आल्या आल्या उंबऱ्यातच तिने सांगून टाकलं, की या घरात ती पाण्याचा थेंबही घेणार नाही. भांडण झालं नव्हतं. माझ्यावर ती रुसलीही नव्हती. उलट दोन दिवसांच्या प्रवासात माझ्यासाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा तिने मांडीवरून खाली ठेवला नव्हता. पण आमच्याकडची जुनी रीत अशी, की लेकीला मूल होत नाही तोवर आईबापांनी तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही. आता ही रीत कुणी पाळत नाही. खरं सांगायचं तर तेव्हाही, म्हणजे ऐंशीच्या दशकातही, आमच्या नात्यात कुणी पाळत नव्हतं. पण आमच्या आईने एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ती ऐकायची नाही. आणि असलं व्रत करायला तिने गाव निवडलं जयपूर आणि महिना निवडला मे!

आधी मी तिथे कशी पोचले ते सांगते. आमचे हे बँकेत. डिसेंबरात यांच्या बदलीची ऑर्डर आली तेव्हा मला नुकताच तिसरा लागला होता. माहेर कराडजवळचं, सासर साताऱ्याचं. पुण्याच्या पलीकडचं जग मी फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेलं. यांनी नकाशा काढून जयपूर दाखवलं आणि म्हणाले, "बघ, फार लांब नाही, एवढंच." बोटाची दीड पेरं होती ती. त्या दीड पेराला दोन दिवस लागले. मुंबईहून एक गाडी, मग सवाई माधोपूरला उतरून छोट्या रुळांवरची दुसरी, आणि प्रत्येक स्टेशनवर माझी एकेक उलटी. आजही त्या मार्गावरची सगळी स्टेशनं मला उलट्यांच्या क्रमाने पाठ आहेत.

मालवीय नगरात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. जिना बाहेरून, खाली घरमालक आणि मालकीणबाई. मुलं परगावी, त्यामुळे दोघंच. मालकीणबाईंना मी माँजी म्हणायचे आणि त्या मला बींदणी म्हणायच्या, म्हणजे तिकडची नवी सून. आमच्याकडे तिसरा महिना सरल्याशिवाय बातमी फोडत नाहीत. यांनी तर लाजून ऑफिसातसुद्धा "मिसेसना अपचन आहे" असं सांगून ठेवलेलं. आणि सामान उतरवताना माँजींनी मला जिना चढताना एकदाच बघितलं आणि भर गल्लीत खणखणीत आवाजात विचारलं, "तीसरा लग गया?" समोरच्या तिन्ही गच्च्यांवरच्या बायका वळून बघायला लागल्या. हे हातातली सतरंजी टाकून आत पळाले. असे आम्ही जयपुरात स्थायिक झालो.

पहिले दोन महिने मला त्या गावाचा नुसता राग यायचा. सकाळी नळाला बर्फासारखं पाणी, दुपारी डोळ्यांत धूळ, आणि गल्लीभर तुपाचा वास. त्या वासाने मला मळमळायचं. माँजींना वाटायचं, पोरगी अशक्त आहे म्हणून उलट्या होतात, त्यावर उपाय म्हणून त्या आणखी तूप घेऊन यायच्या. माझं हिंदी शाळेतलं. भाजीवाल्याला मी "कृपया आधा किलो आलू देने का कष्ट करें" म्हणायचे. तो बिचारा हातगाडी सोडून दोन पावलं मागे सरकायचा.

आणि डोहाळे कसले लागावेत? ज्वारीच्या भाकरीचे! आंबट नाही, गोड नाही, नुसती गरम भाकरी आणि ठेचा. किराणा दुकानदाराकडे गेले आणि ज्वारी मागितली. त्याने अगदी आदराने विचारलं, "बहनजी, कितने जानवर हैं?" तिकडे तेव्हा ज्वारी गुरांना घालत. मी म्हटलं, दोन. आणि ते खोटं तरी कुठे होतं! शेवटी यांनी सायकलला पिशवी लावून कुठल्याशा वैरणीच्या वखारीतून ज्वारी आणली, मी ती निवडून दळायला टाकली, आणि भाकरी थापायला बसले. नेमक्या माँजी वर आल्या. भाकरीकडे बघितलं, पिठाकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं आणि तडक खाली गेल्या. संध्याकाळी घरमालक बाबूजींनी यांना बाजूला घेऊन समजावलं, की तरुणपणी हात आखडता असतो हे खरं, पण दोन जिवांच्या बाईला चारा घालू नये. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी आठवडाभर हसत होते.

हे सगळं मी सोसत होते ते एकाच आशेवर. पहिलं बाळंतपण माहेरी. सातवा लागला की मी कराडची गाडी धरणार, आईच्या हातचं खाणार, आणि बाळाला सव्वा महिना झाल्याशिवाय या तुपाच्या गावात पाऊल टाकणार नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयावर मी एकेक दिवस पेन्सिलीने खोडत होते. आणि सातव्यात माझे पाय सुजले. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला, पुन्हा बघितला आणि म्हणाल्या, "सफर बिल्कुल नहीं." मी तिथल्या तिथे, तपासायच्या टेबलावर बसल्या बसल्या, भोकाड पसरलं. बाहेर बसलेल्या यांना वाटलं, झालीच प्रसूती.

मग आईला पत्र. तूच ये, मला भीती वाटते, इथे मला कळा आल्या तर त्या हिंदीत सांगतासुद्धा यायच्या नाहीत. उत्तर आठ दिवसांनी आलं. "येते. पण तुझ्याकडचं पाणी मी घेणार नाही, ठाऊक आहे ना? काळजी करू नये, माझी सोय मी करीन. आंबट खाऊ नये." मी ते पत्र यांना वाचून दाखवलं तेव्हा हे म्हणाले, "सोय करीन म्हणजे? उंट आहेत का त्या?"

तर ती अशी आली. बरोबर धाकटा भाऊ, एक वातीचा स्टो, ज्वारीचं पीठ, तांदूळ, चटण्या, लाडू, आणि झाकणाला फडकं बांधलेली पितळेची कळशी. त्या कळशीत कराडचं पाणी. दोन दिवस ते तिने घोट घोट पुरवलेलं. उंबऱ्यात थांबून तिने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला, बोटं मोडली, माझे पाय बघून "अगं बाई गं" म्हणाली, आणि मी पुढे केलेला पाण्याचा तांब्या हाताने बाजूला सारला. भावाला कसलीच रीत लागू नव्हती. तो चार भाकरी हाणून, ताक पिऊन, दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीला लागला.

त्याच दुपारी दोनला कळशी संपली.

आई भिंतीला टेकून बसली होती. पंखा गरम वारा फेकत होता. ओठ सुकलेले, पण तोंडावर असा भाव, की कुणी विचारू तरी बघा. आमचे हे बँकेतले, नियमातली फट शोधणं हा यांचा व्यवसाय. यांनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघा आई, पाणी नगरपालिकेचं. टाकी घरमालकांची. नळही त्यांचाच. त्यात तुमच्या मुलीचं काय आलं?"

"माठ कुणाचा?" आई म्हणाली.

"माठ आमचा. पण तुम्ही ओंजळीने थेट नळाचं प्या ना."

"ज्या घरात नळ, ते घर कुणाचं?"

"घरमालकांचं! आम्ही भाडेकरू!"

"चूल माझ्या लेकीची आहे ना? मग घर लेकीचं. जावईबापू, तुम्ही नका त्रास करून घेऊ."

यांनी खुर्ची मागे ओढली. बँकेत यांचा असा पराभव कधी झाला नव्हता. तेवढ्यात आवाज ऐकून माँजी वर आल्या. मी रडवेल्या तोंडाने त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, आता या तरी आईला वेड्यात काढतील. कसलं काय! माँजींनी आईकडे असं बघितलं, जणू इतक्या वर्षांनी या कॉलनीत पहिलं शहाणं माणूस राहायला आलं. त्यांच्यातही हीच रीत. किंबहुना त्यांची रीत आणखी कडक. त्यांचे वडील लेकीच्या घरचं तर सोडाच, लेक दिलेल्या गावच्या विहिरीचंसुद्धा पाणी पीत नसत. वेशीबाहेर झाडाखाली बसून लेकीला भेटायचे आणि तहानलेले परत जायचे.

हे मी आईला मराठीत सांगितलं, आणि तीच माझी चूक. आई ताठ बसली. रीत पाळण्यात आपल्यापेक्षा कुणी वरचढ निघावं हे तिला कसं खपणार? "बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "मग मी पण या गावचं पाणी नाही घेणार."

"अगं, गाव म्हणजे अख्खं जयपूर!" मी ओरडले.

"असू दे."

मग काय, जयपूर कुठे संपतं यावर चर्चा सुरू झाली. गोपालपुरा चालेल का? नको, तिथवर घरं झाली. आमेर? आमेर लांब, वेगळं गाव, मध्ये डोंगर. हे उठले, कळशी उचलली आणि भर उन्हात दोन बस बदलून आमेरला गेले. बायकोच्या आईसाठी पाणी भरायला! साताऱ्याला कळलं असतं तर सासूबाईंनी अंथरूण धरलं असतं. भरलेली कळशी फडक्याने बांधून, छातीशी धरून, हे परतीच्या बसमध्ये उभे राहिले. शेजारच्या म्हाताऱ्याने अदबीने विचारलं, आमेरच्या देवीचं तीर्थ का? आमच्या यांना अनोळखी माणसाला नाही म्हणता येत नाही. त्याने ओंजळ पुढे केली, यांनी पाणी घातलं. मग मागच्याने केली. मग कंडक्टरने. एका बाईने तर मुलाच्या डोक्यावर शिंपडून घेतलं. घरी पोचले तेव्हा कळशीत तळाला दोन वाट्या पाणी होतं, आणि यांची पँट गुडघ्यापर्यंत ओली.

आई ते पिणार, इतक्यात खालून बाबूजी वर आले. ते कधी कुणाच्या मध्ये पडत नसत, पण तहसिलीत जन्म गेलेला माणूस, गावांच्या हद्दीचा विषय निघाल्यावर खाली कसा बसेल? त्यांनी निर्णय दिला, की आमेर चालणार नाही, कारण जयपूर वसवलं तेच मुळी आमेरवाल्यांनी, दोन्ही एकच. हे मटकन जिन्यावर बसले. मग बाबूजींनी चष्मा पुसला आणि पुढचा निर्णय दिला, की गावाची रीत गावाला, जिथे सगळे एकमेकांचे भाऊबंद. "ये तो कॉलनी है. यहाँ कौन किसका क्या लगता है?" तेव्हा बाईंनी खाली यावं, माँजींच्या हातचं खावंप्यावं, वर राहावं लेकीपाशी. लेकीचं घर जिन्याच्या वर, जिन्याच्या खाली परकं घर. आईने विचार केला, पदर सावरला, जिना उतरली आणि माँजींच्या अंगणात उभ्याउभ्या पाच पेले पाणी प्याली. मी वरून मोजले.

माँजी आईच्या पाठीवर थोपटत म्हणाल्या, "दोहिता हो जाए, फिर ऊपर ही खाना." दोहिता म्हणजे लेकीचा मुलगा. मी वरून विचारलं, "और लडकी हुई तो?" माँजींनी कानाला हात लावला, शुभ शुभ बोल म्हणाल्या. मी आईकडे बघितलं. आईने तोंड फिरवलं आणि पेला विसळायला लागली. ते माझ्या मनात कुसळासारखं टोचून राहिलं.

मला वाटलं होतं, आई आली की मी राणीसारखी लोळेन. झालं भलतंच. आई जेवायला खाली, चहाला खाली. हळूहळू जेवणानंतरही खालीच. आईला हिंदी येत नव्हतं, माँजींना मराठी. आई मराठीच जरा मोठ्याने बोलायची, माँजी त्यांची बोली मोठ्याने बोलायच्या, आणि दोघी तासन्‌तास खिदळायच्या. माझ्यासाठी म्हणून आणलेलं ज्वारीचं पीठ खाली गेलं. चारा म्हणून नाकं मुरडणाऱ्या माँजी आता आईकडून भाकरी थापायला शिकत होत्या! बदल्यात आई बाजरीची राबडी, म्हणजे ताकातली आंबील, पिऊन यायची आणि मला तिचे गुण सांगायची. खाली लसणाचा ठेचा वाटला की वास थेट जिन्याने वर यायचा, आणि मी सुजलेले पाय आपटत खोलीत फेऱ्या मारायचे. माझी आई, माझे डोहाळे, आणि चंगळ खालच्यांची. आई माझ्यासाठी वाटीतून काही ना काही आणायची, नाही असं नाही. पण मला ते नको होतं. मला तिने माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पाटावर बसून, मी केलेलं खायला हवं होतं. लग्नानंतर मी स्वयंपाक शिकले होते, आणि ज्या एका माणसाला तो दाखवायचा, तो माणूस एक घास घ्यायला तयार नव्हता.

मी ईर्ष्येला पेटले. रोज आईच्या आवडीचं काहीतरी करायचं. भरली वांगी, पिठलं, आमटी. एकदा तर पाटावर बसून, पोट आडवं येत असताना पुरणपोळ्या लाटल्या. पातेलं तिच्या नाकासमोर धरायचं आणि बघायचं, विरघळते का. ती वाकून वास घ्यायची, डोळे मिटायची आणि निकाल सांगायची. "वांग्यात गूळ कमी पडला." "फोडणी करपली गं, हिंग आधी टाकलास." "आमटीत मीठ विसरलीस." आणि दरवेळी बरोबर! हे घास घेऊन बघायचे आणि माझ्याकडे न बघता मान हलवायचे. असं पंधरा दिवस नुसत्या वासावर तिने मला नापास केलं. पुरणपोळीला मात्र एवढंच म्हणाली, "जायफळ जरा जास्त," आणि उठून गॅलरीत गेली.

मग एक दिवस दुपारी आंधी आली. म्हणजे धुळीचं वादळ. चारच्या सुमाराला सगळं पिवळं झालं, समोरची गच्ची दिसेना, दारं-खिडक्या धडाधड आपटायला लागल्या. आई माझ्यापाशी वरच होती, आणि बाहेरच्या जिन्यावर पाय ठेवणं शक्य नव्हतं. दारंखिडक्या लावून आम्ही दोघी आत. वीज गेली. तासभर झाला, दीड तास झाला. आईच्या घशात धूळ गेलेली, ती सारखी खोकत होती. खोकून खोकून तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी माठातून पेला भरला आणि तिच्या हातात दिला. तिने घेतला. मला वाटलं, पिते आता. तिने पेला दोन्ही डोळ्यांना लावला, आणि खाली ठेवला.

माझं डोकं फिरलं. "मर मग तहानेने!" मी किंचाळले. "मला काय कुष्ठरोग झालाय? माझ्या हातचं पाणी विष आहे का?" आणि ढसाढसा रडायला लागले. बोलू नये ते बोलले होते, आणि ते मागे घेण्याइतकी मी शहाणी नव्हते.

आई खोकत खोकतच म्हणाली, "तू झालीस ना, आणि तुला घेऊन मी सासरी परत आले, तेव्हा माझी आई पोचवायला आली होती. मी भात केला होता, मऊ, तिला चावायला त्रास नको म्हणून. ती बसली. तुला मांडीवर घेतलं. मी ताट वाढलं. म्हणाली, नातू झाला की जेवीन. आणि तशीच स्टँडवर गेली. तुझा भाऊ झाल्यावर जेवली. चार वर्षांनी."

बाहेर पत्र्यावर काहीतरी धाडकन आपटलं. मी विचारलं, "मग मला मुलगी झाली तर तू काय करणार?"

"आधी होऊ दे," आई म्हणाली. "आणि एवढ्या मोठ्याने ओरडू नको, पोटातलं दचकेल."

बस, एवढंच. आता कळा कधी यायच्या, रक्तदाब किती, डॉक्टरीणबाईंना मराठी समजेल का, या सगळ्या भीती बाजूला राहिल्या. मी देवाकडे मुलगा मागायला लागले. आधी मला मुलगीच हवी होती, पण आईला जेवायला घालायचं तर मुलगा हवा, असा सरळ हिशेब. आणि असा हिशेब करते म्हणून स्वतःचा रागही यायचा.

आई आल्याला एकवीस दिवस झाले त्या सकाळी मी यांच्या डब्याच्या चपात्या केल्या, बटाट्याची भाजी फोडणीला टाकली, आणि मीठ घालायला हात पुढे केला तो कट्टाच धरला. आई नुकतीच खालून चहा पिऊन आलेली. तिने माझं तोंड बघितलं, स्टो विझवला आणि जिन्यात जाऊन "अहो ताईऽऽ" अशी आरोळी ठोकली. ही आरोळी मराठीत होती, तरी माँजी, बाबूजी आणि समोरच्या तिन्ही गच्च्या धावत आल्या. ऑटोरिक्षात आम्ही तिघी बसलो, मी मधे. खड्डा आला की आई रिक्षावाल्याला मराठीत शिव्या द्यायची आणि माँजी त्यांचं भाषांतर करायच्या. समजत होतं म्हणून नव्हे, अंदाजाने. हे शेजाऱ्यांच्या स्कूटरवर मागून येत होते, ते वाटेत पेट्रोल संपून अर्ध्या तासाने पोचले. डोक्याला हेल्मेट, हातात जेवणाचा रिकामा डबा. घाबरून रोजच्या सवयीने तोच उचलला होता. मला एवढ्या कळांत हसू आलं. आणि हो, कळा हिंदीत सांगाव्या लागल्या नाहीत. मी मराठीत बोंब मारली आणि सगळ्यांना समजली.

दुपारी मुलगी झाली.

माँजी आत आल्या, दुपट्यात बघितलं आणि म्हणाल्या, "लक्ष्मी आई है." मग थोडं थांबून पुन्हा म्हणाल्या, "लक्ष्मी आई है." दोनदा म्हटलं तेव्हाच मला कळलं. आईने बाळाला घेतलं. खिडकीपाशी उजेडात नेलं, बोटं मोजली, कान बघितले, जावळ बघितलं. मग बाळाला माँजींच्या मांडीवर ठेवलं, यांच्यापुढे हात केला आणि म्हणाली, "घराची किल्ली द्या." हे म्हणाले, मी सोडतो. ती म्हणाली, नको, आणि निघून गेली. जयपुरात तिला दोनच शब्द येत होते, मालवीय आणि नगर. तेवढ्यावर ती एकटी रिक्षात बसली.

मी भिंतीकडे तोंड करून पडले. मनात म्हटलं, गेली. सामान बांधायला गेली. आजीसारखीच उठून गेली. मला त्या क्षणी जगातल्या सगळ्या रितींचा, सगळ्या आयांचा, सगळ्या माठांचा असा संताप आला, की मी माँजींना म्हटलं, मला बाळ द्या, आणि तिला घट्ट धरून तिच्या कानात सांगितलं, "तुझ्याकडे मी पहिल्या दिवशी जेवणार. लग्नाच्या मांडवात जेवणार." तिने जांभई दिली.

दोन तासांनी आई परत आली. हातात माझ्यासाठी मऊ भाताचा डबा, काखेत तिची ती पितळेची कळशी. दोन्ही खाली ठेवलं. माझ्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला. मग कळशीतून पेलाभर पाणी ओतलं आणि माझ्यासमोर उभ्याउभ्या घटाघटा प्याली. पदराने तोंड पुसलं.

मी विचारलं, "कुठलं पाणी हे?"

"तुझ्या माठातलं," आई म्हणाली. "गार असतं गं."

माँजी बघतच राहिल्या. कळशीकडे बोट दाखवून, मग बाळाकडे बोट दाखवून त्या काहीतरी विचारायला लागल्या. दोहिता नाही, मग कसं? आईला शब्द समजले नसतील, पण प्रश्न समजला. तिने वाकून बाळाला उचललं आणि मराठीतच, जरा मोठ्याने सांगितलं, "नात आहे ही माझी." मग माँजींनीही हात पुढे केला आणि कळशीतलं पाणी मागून घेतलं. का, ते मी कधी विचारलं नाही.

"जेवूनही आले," आई माझ्याकडे न बघता म्हणाली.

"काय जेवलीस?"

"सकाळच्या तुझ्या चपात्या. आणि ती बटाट्याची भाजी. पाटावर बसून जेवले." ती बाळाचं दुपटं सारखं करत होती. "भाजीत मीठ नव्हतं."

मी रडत होते की हसत होते ते मलाच कळत नव्हतं. "मग?" मी म्हटलं.

"मग काय? उठून घेतलं घालून. बरणी कुठे असते ते एकवीस दिवस बघतच होते."